मुलजिम आणि मुजरिम

आठवीच्या वर्गाला उर्दूचा इमला, म्हणजे शुद्धलेखन, घालताना दोन शब्द मी दर वर्षी घालतो. मुलजिम आणि मुजरिम. निम्मा वर्ग दर वर्षी चुकतो. चुकणारच. दोन्ही शब्द मीमने सुरू होतात आणि मीमनेच संपतात. मधली दोनच अक्षरे काय ती वेगळी. एकात लाम आणि ज़े, दुसऱ्यात जीम आणि रे. त्यातही ज़े आणि रे यांत फरक फक्त एका नुक्त्याचा. मुले विचारतात, "सर, दोनो एकीच है ना?" मी सांगतो, नाही. ज्याच्यावर इल्जाम आहे तो मुलजिम. ज्याचा जुर्म अदालतीत शाबीत झाला तो मुजरिम. नुक्ता विसरलात तर एक मार्क जाईल. वर्गाबाहेर हा नुक्ता विसरला तर काय काय जाते, ते आठवीच्या मुलांना सांगण्यासारखे नसते. ते या अंकाच्या वाचकांना सांगावे, म्हणून हे लिहितो आहे.

पोलिस ठाण्यातली मराठी ऐकली की खरे तर उर्दू शिक्षकाला आपल्या माणसांत आल्यासारखे वाटायला हवे. फिर्याद, जबाब, जामीन, मुद्देमाल, हवालदार, फौजदार, शिपाई, कैद, फरार, पंचनाम्यातला 'नामा', सगळे आमच्या शब्दकोशातले शब्द. फिर्याद म्हणजे दुःखी जिवाची हाक. गजलेत ती खुदाकडे जाते, ठाण्यात ती छापील कागदावर उतरते. शब्द इतके ओळखीचे, आणि तरी आमच्या मोहल्ल्यातला माणूस ठाण्याची पायरी चढताना परक्या मुलखात शिरल्यासारखा चढतो. मराठवाड्यातल्या ज्या तालुक्याच्या गावी मी राहतो, तिथे तरी असेच आहे.

कायदा पोलिसांना 'कुणाला हात लावू नका' असे म्हणत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. माणूस अटकेला विरोध करत असेल, पळून जात असेल, तर त्याला धरण्यासाठी लागेल तेवढे बळ वापरण्याची मुभा पोलिसांना पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. मात्र त्याच संहितेत असेही म्हटले आहे की, अटक केलेला माणूस पळून जाऊ नये यासाठी जेवढे आवश्यक, त्याहून अधिक बंधन त्याच्यावर घालायचे नाही. म्हणजे बळाचे कारण एकच : माणूस हाती लागावा आणि हातचा जाऊ नये. तो कोठडीत बसला, दाराला कुलूप लागले, की ते कारण संपले. त्यानंतर त्याच्या अंगावर पडणारा प्रत्येक फटका ही शिक्षा आहे. शिक्षा मुजरिमाला असते, ती अदालत देते आणि तिच्यातही फटक्यांची तरतूद नाही. मुलजिमाला ठाण्यातच ती देऊन टाकणे म्हणजे नुक्ता पुसणे.

हे इतके सरळ आहे, तर मग ते घडते कसे? पोलिसांना शिव्या देऊन या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. कारण या कामाला आपल्या सगळ्यांची मूक संमती आहे. रोजचे मराठी वर्तमानपत्र उघडा. चोरीच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते : पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली. हे वाक्य छापणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नाही, वाचणाऱ्यालाही नाही. कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ असा की, एका सरकारी नोकराने ताब्यातल्या माणसाला मारहाण केली आणि तो स्वतः ते सांगतो आहे. आपण चहाचा घोट घेतो आणि पान उलटतो. सिनेमात हाच प्रसंग आला की टाळ्या वाजतात. टाळ्या वाजवणाऱ्यांत आपल्या मोहल्ल्यातली पोरेही असतात.

आणि आपल्या घरातली रीत तरी काय सांगते? मूल पहिल्यांदा उस्तादांच्या हवाली करताना आपल्याकडे म्हणायचा प्रघात होता, "गोश्त आपका, हड्डी हमारी." मांस तुमचे, हाडे तेवढी आमची ठेवा. माझ्या अब्बांनीही मला शाळेत घालताना हेच म्हटले होते, आणि उस्तादांनी ते मनावर घेतले होते.

मी शिक्षकांच्या त्या पिढीतला आहे जिने मार खाल्ला, पण द्यायची वेळ आली तेव्हा कायद्याने छडी काढून घेतली होती. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली. मी नोकरीला लागलो तेव्हा शिक्षकांच्या खोलीत जुने सहकारी हळहळत असत : आता वर्ग कसा आवरायचा? वर्ग आवरला जातो. छडीपेक्षा वेळ जास्त लागतो, एवढेच. मुलाला बाजूला घेऊन बसावे लागते, दोन प्रश्न जास्त विचारावे लागतात, घरी जाऊन यावे लागते. छडी गेल्याने शिस्त गेली की नाही यावर वाद घालता येईल. पण एक गोष्ट नक्की झाली. वर्गात काय घडले, हे आता आम्हाला पूर्वीपेक्षा जास्त खरे कळते.

ते का, हे मी स्वतः सातवीत असताना पाहिले होते. वर्गशिक्षकांचे पेन हरवले. पन्नास पोरांना ओळीने उभे करून तळहातावर छड्या सुरू झाल्या, कबूल करेपर्यंत. तिसऱ्या फेरीत एका मुलाने कबूल केले. तो वर्गातला सर्वांत किडकिडीत, बापाविना वाढणारा मुलगा. मग त्याला विचारले, पेन कुठे आहे? त्याला सांगता येईना. कोणत्या रंगाचे होते? तो आधी निळे म्हणाला. छडी वर गेली. मग काळे म्हणाला. त्याने पेन पाहिलेलेच नव्हते. त्याने फक्त छडी थांबवणारे वाक्य शोधून काढले होते. मारणाऱ्याला जे ऐकायचे असते तेच मार खाणारा बोलतो. मार वाढवला तर त्याला पाहिजे तो रंगही सांगतो. चोर मात्र तिसऱ्या फेरीतही गप्प बसून असतो, कारण बहुधा त्याला जास्त सोसायची सवय असते.

इंग्रजांना ही गोष्ट कळायला एक चौकशी आयोग लागला. मद्रास इलाख्यात साऱ्याची वसुली आणि गुन्ह्याचा तपास करताना रयतेचा छळ होतो, असा आयोगाचा अहवाल १८५५ मध्ये आला. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात पंचविसावे कलम आले : पोलिसाजवळ दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. आता तो कायदा जाऊन भारतीय साक्ष अधिनियम आला, तरी हा नियम तेविसाव्या कलमात कायम आहे. आपल्या फिकहातही बहुतेक इमामांचे म्हणणे हेच. इकराहखाली, म्हणजे जबरदस्तीने, घेतलेला इकरार हा इकरार नव्हे. इकरार आणि इकराह, पुन्हा दोन सारखे ऐकू येणारे शब्द. एक दुसऱ्याला रद्द करतो.

मग कबुली जर अदालतीत चालतच नाही, तर ठाण्यात ती काढतात कशाला? याचे उत्तर त्याच कायद्यात आहे. कबुली चालत नाही, पण आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूशी संबंधित तेवढा भाग चालतो. म्हणून सारी धडपड मुद्देमालासाठी असते. चोरीचा मोबाइल, दागिना, हत्यार 'काढून दिले' की पंचनामा होतो आणि तपास यशस्वी ठरतो. ते काढून घेताना आत काय झाले, ते पंचनाम्यात लिहायचा रकाना नसतो.

काही खास कायद्यांनी तर कबुलीचेच दार उघडे केले. १९९९ च्या महाराष्ट्राच्या मोक्का कायद्यात अठराव्या कलमाखाली पोलिस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालते. याचे फळ काय, ते मुंबईच्या लोकल गाड्यांतल्या स्फोटांच्या खटल्यात दिसले. ११ जुलै २००६ रोजी झालेल्या त्या स्फोटांत १८० हून अधिक माणसे गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बाराजणांना दोषी ठरवले. पाचजणांना फाशी, सातजणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवले. त्यांतला एकजण त्याआधी २०२१ मध्येच तुरुंगवासात वारला होता. कबुलीजबाब विश्वास ठेवण्याजोगे नाहीत, वेगवेगळ्या आरोपींच्या जबाबांतले काही भाग एकसारखे आहेत, ते छळ करून घेतले गेले, असे उच्च न्यायालयाने नमूद केले. सरकार अपिलात गेले. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात पाठवले नाही.

याच खटल्यातले तेरावे आरोपी अब्दुल वाहिद शेख नऊ वर्षे तुरुंगात काढून २०१५ मध्येच निर्दोष सुटले होते. ते पेशाने शाळेतले शिक्षक. तुरुंगात त्यांनी 'बेगुनाह कैदी' हे पुस्तक उर्दूत लिहिले. शिक्षकाच्या हाती खडूऐवजी कैद्याचा नंबर येतो, ही गोष्ट माझ्यासारख्याला झोप येऊ न देणारी आहे. पण मला त्याच्या इतकीच दुसरी गोष्टही छळते. त्या संध्याकाळी लोकलमधून घरी निघालेली जी माणसे परत आली नाहीत, त्यांच्या घरच्यांना १९ वर्षांनी काय मिळाले? त्यांच्या माणसाला कुणी मारले, हा प्रश्न जिथे होता तिथेच आहे. मारून घेतलेल्या कबुलीने मुलजिमाचे आयुष्य जाते, आणि फिर्यादीचा न्यायही तिच्यासोबतच जातो.

नियम नाहीत असे नाही. १९८६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या दिलीपकुमार बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्या पत्राचाच अर्ज करून घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी अकरा सूचना दिल्या. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव दिसले पाहिजे. अटकेचा कागद त्याच वेळी झाला पाहिजे, त्यावर तारीख आणि वेळ पाहिजे, घरच्या किंवा मोहल्ल्यातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष पाहिजे आणि अटक झालेल्याची सही पाहिजे. नातेवाइकाला कळवले पाहिजे. त्याने मागणी केल्यास अंगावर आधीच्या जखमा आहेत का, ते पाहून लिहिले पाहिजे आणि त्याची प्रत त्याला दिली पाहिजे. दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी झाली पाहिजे. चौकशीच्या काळात वकिलाला भेटू दिले पाहिजे. यातल्या बऱ्याच गोष्टी पुढे कायद्यात आल्या आणि आताच्या संहितेतही आहेत. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या बहुतेक गुन्ह्यांत गरज नसेल तर अटकच न करता लेखी नोटीस देऊन बोलवावे, असेही कायदा सांगतो.

हे सारे कागद म्हणजे काय, तर हजेरीपट. शिक्षक हजेरी घेतो तेव्हा मूल वर्गात आले, अमुक वेळेला आले, आता त्याची जबाबदारी आपल्यावर, असे लिहून देत असतो. ठाण्यात कोण केव्हा आत गेला, कुणाच्या ताब्यात होता, तेव्हा त्याच्या अंगावर काय होते आणि बाहेर पडताना काय होते, हे लिहिलेले असले की हात आपोआप आखडतो. न लिहिलेला काळ हाच मार देण्याचा काळ. पोलिस सुधारणेचा प्रश्न मला तरी असा दिसतो. पोलिसांच्या मनात दया उत्पन्न करायची ही योजना नव्हे, त्यांच्या घड्याळातला न लिहिलेला वेळ शून्यावर आणायची ही योजना आहे.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री हे मी जवळून पाहिले. साडेनऊच्या सुमारास एक पालक दारात आले. वेल्डिंगच्या दुकानात काम करणारा माणूस. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा माझा जुना विद्यार्थी, मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर बसतो. दुपारी चार वाजता साध्या कपड्यांतले दोघेजण 'जरा चल, विचारायचे आहे' म्हणून त्याला घेऊन गेले होते. "सर, आपको मराठी आती है. आप बात करो. हमारी कौन सुनता?" मी म्हटले, वकील बघू या. ते म्हणाले, "वकील सुबे मिलेंगा. सुबे तक क्या होंगा?" वाटेत ते स्वतःशीच पुटपुटत होते, "दो-चार थप्पड मारके छोड देते तो भी चलता." गोश्त आपका, हड्डी हमारी. फक्त उस्ताद बदलले होते.

ठाण्यात मी तीन गोष्टी विचारल्या. मुलाला अटक केली आहे की चौकशीला बोलावले आहे? बोलावले असेल तर नोटीस कुठे आहे? अटक केली असेल तर किती वाजता, आणि वडिलांची सही का घेतली नाही? साहेब म्हणाले, "गुरुजी, तुम्ही शाळा सांभाळा. इथे आम्हाला शिकवू नका." मी आवाज चढवला नाही. बाकावर बसलो, खिशातली छोटी वही काढली आणि लिहिले : ९ वाजून ५० मिनिटे. एक वयस्क जमादार जवळ आले. "काय लिहिता गुरुजी?" मी म्हटले, वेळ. "कशाला?" मी म्हटले, सवय आहे, हजेरीची. ते वहीकडे पाहत राहिले आणि आत गेले. अकराच्या सुमारास मुलगा बाहेर आला. सकाळी दहाला हजर राहण्याची नोटीस हातात होती. तिच्यावर तारीख होती, शिक्का होता. तो टाचा टेकवत नव्हता.

तो अगदीच निष्पाप होता असे मी म्हणत नाही. पंधराशे रुपयांना त्याने एक हँडसेट घेतला होता आणि एवढ्या स्वस्तात चांगला हँडसेट कुठून येतो, हे टपरीवर बसणाऱ्याला कळत असते. दुसऱ्या दिवशी वकिलासोबत जाऊन त्याने तो जमा केला, विकणाऱ्याचे नाव सांगितले. केस झाली, ती चालेल तशी चालेल. मुद्दा असा की, ही सगळी माहिती त्याने एका प्रश्नावर दिली. आदल्या दिवशीच्या सात तासांत जे त्याच्या तळपायांवर झाले, त्याची त्यासाठी काही गरज नव्हती. तळपायांबद्दल तक्रार करायला वडील तयार झाले नाहीत. "इसी गाव में रहना है सर," एवढेच म्हणाले. या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते आणि कुणी उत्तर देतो म्हणाले तर मी त्याच्यावर सहज विश्वास ठेवणार नाही.

त्या रात्री निघताना जमादार फाटकापर्यंत आले होते. तळहातावर तंबाखू मळत म्हणाले, "वरून रोज विचारतात, मुद्देमाल किती काढला. कसा काढला, ते कुणी विचारत नाही." त्यांची नोकरीची तीस वर्षे त्या एका वाक्यात होती. बंदोबस्त, सण, मोर्चे, व्हीआयपींचे दौरे, बारा-बारा तासांची ड्यूटी आणि त्यातून उरलेल्या वेळात तपास. बोटांचे ठसे, कॉल रेकॉर्ड, प्रयोगशाळेचा अहवाल या साऱ्याला दिवस लागतात. पट्ट्याला दहा मिनिटे लागतात. ज्या खात्याला फक्त निकालाचे मार्क मिळतात आणि पद्धतीचे मिळत नाहीत, तिथे कॉपी होणारच. परीक्षेचे केंद्र पाहिलेल्या कुठल्याही शिक्षकाला हे समजेल.

मग पद्धतीला मार्क कसे द्यायचे? दुसऱ्या एका देशाने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. १९७२ मध्ये लंडनमध्ये एका खुनाबद्दल तीन पोरांनी पोलिसांजवळ कबुली दिली. दोघे पंधराच्या आतबाहेरचे, तिसरा अठरा वर्षांचा पण बुद्धीने लहान मुलासारखा. त्या कबुलीवर त्यांना शिक्षा झाली आणि १९७५ मध्ये वरच्या न्यायालयाने ती रद्द केली. कबुली खोटी कशी निघाली, याची चौकशी झाली, आयोग बसला आणि १९८४ मध्ये इंग्लंडमध्ये नवा पोलिस कायदा आला. त्यातली एक साधी तरतूद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ठाण्यात ताब्यातल्या माणसाची जबाबदारी अशा अधिकाऱ्यावर असते, ज्याचा त्या तपासाशी काही संबंध नाही. ज्याला कबुली हवी आहे, त्याच्या हाती कोठडीची किल्ली नाही. चौकशी ध्वनिमुद्रित होते. आरोपी अल्पवयीन असेल किंवा समजुतीला कमी असेल, तर चौकशीच्या वेळी एक जबाबदार प्रौढ व्यक्ती शेजारी बसवावी लागते. तिथले पोलिस काही फरिश्ते झाले नाहीत. पण मोहल्ल्यातल्या एका मास्तराने बाकावर बसून वेळ लिहिणे, हे जे आमच्याकडे योगायोगाने झाले, ते तिथे कायद्याने होते.

आपल्याकडेही तुकड्यातुकड्यांनी पावले पडली आहेत. २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमायला सांगितले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून राज्य आणि विभाग पातळीवर त्याची तरतूद केली. २ डिसेंबर २०२० रोजी त्याच न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, कोठडीपासून साहेबांच्या खोलीपर्यंत, आवाजासकट सीसीटीव्ही बसवण्याचा आणि चित्रण किमान एक वर्ष जपण्याचा आदेश दिला. छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्यासाठी स्वतंत्र कायदा अजून झालेला नाही. २०१० मध्ये लोकसभेने मंजूर केलेले विधेयक पुढे बारगळले.

या तुकड्यांमधल्या फटीत काय पडते, ते परभणीने दोनदा पाहिले. ख्वाजा युनूस परभणीचा, संगणक अभियंता. घाटकोपरच्या स्फोटानंतर डिसेंबर २००२ मध्ये त्याला पकडले. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले की, औरंगाबादकडे नेत असताना तो पळून गेला. त्याला कोठडीत मारताना पाहिले, असे सहआरोपींनी अदालतीत सांगितले. त्याचा मृतदेह आजतागायत मिळालेला नाही. त्याची आई आसिया बेगम वर्षानुवर्षे मुंबईच्या अदालतीत खेटे घालत राहिली. वीस वर्षे उलटली तरी खटल्याचा निकाल लागला नव्हता.

दुसरा सोमनाथ सूर्यवंशी. वडार समाजातला, कायद्याचा अभ्यास करणारा. परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतरच्या धरपकडीत तो सापडला आणि १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत असताना गेला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा निघाल्या. त्याची आई विजयाबाई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली. गुन्हा नोंदवा, असा आदेश मिळवायला जुलै २०२५ उजाडावा लागला, आणि तो आदेश टिकवायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले. कोठडीतल्या मृत्यूची दंडाधिकाऱ्याने चौकशी करावी, असे कायदा सांगतो. चौकशीचा अहवाल आल्यावर पुढे काय करायचे, ते सांगत नाही. जिथे कायद्याने वाक्य अर्धवट सोडले, तिथून पुढे ते आईने पुरे करायचे.

या दोन आयांची नावे मी मुद्दाम एकत्र लिहितो. आपला मुलगा पकडला गेला की आपण कौमवर जुलूम म्हणतो, आणि पारध्याचा पोर पकडला की 'त्यांचा धंदाच तो' म्हणतो. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये गेला, नजर गेली नाही. त्या माणसाच्या वाट्याला मुलजिमाची पायरीच येत नाही, तो थेट मुजरिम म्हणून जन्मतो. त्याच्यासाठी आपण कधी ठाण्याच्या बाकावर बसलो आहोत का? आपल्यापुरता मागितलेला कायदा ही सवलत असते. ती कुणीतरी देतो आणि परत घेतो.

मी एक पान तयार केले आहे. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. त्यात भाषण नाही, प्रश्न आहेत. अटक आहे की नोटीस? अटक किती वाजता झाली? कागदावर घरच्यांची सही झाली का? डॉक्टरकडे केव्हा नेले आणि अहवालाची प्रत कुठे आहे? चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर केले का? वकिलाला भेटू दिले का? खाली विधी सेवा समितीचा मोफत वकील कसा मागायचा, ते. दहावीच्या पालकसभेत मी ते वाटले. एका पालकाने विचारले, "सर, ये कागज देखके और मारे तो?" मी म्हटले, एकट्याच्या हातात पाहिले तर मारतीलही. म्हणून एकट्याने जायचे नाही. आणि मुलाची चूक असेल तर ती लपवायलाही जायचे नाही.

सध्या ते पान गावातल्या दोन मशिदींत वजूच्या हौदाजवळ, नगरपालिकेच्या वाचनालयात आणि बुद्धविहाराच्या दाराशी लावलेले आहे. विहारातल्या पानाची उर्दू बाजू भिंतीकडे आहे. तिथे मराठी पुरते.